पाणी गिरवलेली अक्षरं

सोमवार, ४ मे

कागद ओला होता. सकाळी साडेदहाला छपाईघरातल्या बाईंनी खात्री करून सांगितलं, आणि नंतर मी स्वतः भिंगाखाली पाहिलं. ज्या जुन्या नमुन्यावरून मी सात महिने अक्षरं काढते आहे, तो ओल्या कागदावर छापलेला आहे. शाई पसरली आहे. अक्षरांची जी गुबगुबीत पोटं पाहून मी भाळले, ज्यांच्यावर बारा पानांचा प्रबंध लिहिला, ती कुणीही कोरलेली नाहीत. परीक्षेला पंचवीस दिवस उरले.

बातमी आधी, तपशील नंतर. एकोणीस वर्षं वर्तमानपत्राची पानं लावल्यावर वहीतसुद्धा हात तसाच चालतो.

तपशील असा. या परदेशी गावातल्या एका कारागिराने दीडशे वर्षांपूर्वी आपल्या लिपीची अक्षरं पोलादात कोरली. इथेच बसून, आपल्याकडे एकदाही न येता. त्याच्या अक्षरांचा एकच छापील कागद उरलाय आणि तो आमच्या या अक्षरकलेच्या शाळेच्या संग्रहात आहे, असं सगळे धरून चालले होते. ती अक्षरं आजच्या वर्तमानपत्रासाठी पुन्हा उभी करायची, हा माझा वर्षभराचा विषय. आज बाई तळातले खण झाडत होत्या. 'वेलबुट्टी' अशी चिठ्ठी लावलेल्या खणात, कापडात गुंडाळलेले छपाईचे शिशाचे खिळे निघाले. त्याच्याच अक्षरांचे. बाईंनी चार ओळी जुळवल्या, कोरड्या कागदावर छापल्या आणि मला हाक मारली.

कोरड्या कागदावर अक्षरं सडपातळ आली. टोकं धारदार, वळणं आवळलेली. शेजारी माझा लाडका नमुना ठेवला तर तीच अक्षरं पुरात सापडल्यासारखी फुगलेली. बाईंनी भिंगाखाली कडा दाखवल्या. कागदाचे तंतू शाई घेऊन बाहेर पसरले होते.

"म्हणजे?" मी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

"म्हणजे तुम्ही त्याची अक्षरं नाही गिरवलीत. पाणी गिरवलंत."

बाई वाईट नाहीत. बोलून झाल्यावर लगेच खुर्ची पुढे केली.

मंगळवार, ५ मे

सरांना सांगितलं. त्यांना आम्ही सगळे उलटे सर म्हणतो, अर्थात आपापल्या भाषेत. ते दर गुरुवारी येतात, भिंतीवर टाचलेला ज्याचा त्याचा कागद काढतात, उलटा करून पुन्हा टाचतात आणि बघत उभे राहतात. कागद उलटा केला की वाचणं थांबतं आणि नुसतं काळंपांढरं दिसतं, म्हणून. मला हे माहीत नव्हतं. पहिले दोन महिने मी तो अपमान समजत होते.

दुसरी गोष्ट, ते बोलत नाहीत. चांगलं नाही, वाईट नाही. शाळेची रीतच आहे. शिकवणाऱ्याने वर्षात एकच दिवस तोंड उघडायचं, परीक्षेच्या आठ दिवस आधी. तोवर ज्याने त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायला शिकायचं.

मी सगळं सांगितलं. ओला कागद, खिळे, बारा पानं वाया. त्यांनी मान हलवली. मग माझ्या भिंतीशी गेले, जुना कागद उलटा केला आणि उभे राहिले. आज मंगळवार, त्यांचा वारही नव्हता. मी घड्याळ लावलं. अकरा मिनिटं. अकरा मिनिटांत माणसाला किती चुका सापडू शकतात!

शुक्रवार, ८ मे

ठरलं. सगळं पुन्हा काढायचं, शिशाच्या खिळ्यांवरून. अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं, अंक, चिन्हं मिळून सहाशे बारा आकार आहेत. दिवसाला साठ.

दुसरा रस्ताच नाही. प्रबंधात मी लिहून बसले आहे की ही पोटं कारागिराने विचारपूर्वक दिली. विचार पाण्याने केला होता. आणि संपादकांचं पत्र माझ्या खणात आहे: पदवी घेऊन या, अक्षरविभाग तुमचा, नाही मिळाली तर पानं लावायला आता यंत्र आलं आहे, आपण समजूतदार आहात. समजूतदार हा शब्द ते माणूस काढताना वापरतात. मी स्वतः त्यांची तशी पत्रं टाइप केली आहेत.

माझी खोली छताखाली आहे. दोन्हीकडून उतार. सरळ उभं राहायचं तर बरोबर मध्यावर. टेबल तिथे ठेवलं, तर मी वाकून चालते. मी तिथे उभी राहिले, तर टेबलाला जागा नाही. एकेचाळिसाव्या वर्षी शिकायला निघाल्यावर असंच व्हायचं.

शनिवार, ९ मे

घरी फोन. मागच्या महिन्यात जुन्या अक्षरांतलं चार पानांचं खोटं वर्तमानपत्र तयार केलं होतं. त्याचे फोटो नवऱ्याला पाठवले होते. त्याने झेरॉक्सवाल्याकडून छापून आणून सासूबाईंना वाचायला दिलं होतं. नवरा शिलाईमशीन दुरुस्त करतो, सगळे मिस्त्री म्हणतात, मीही.

"आईने वाचलं," मिस्त्री म्हणाला. "चारही पानं. चष्मा पुसायलासुद्धा उठली नाही."

मग सासूबाई आल्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकायची वाट बघतोय.

"सूनबाई, त्या पेपरात काही अर्थ नाही."

"काय झालं आई?"

"एकाच माणसाची सायकल चार पानांत तीनदा हरवते. सांभाळता येत नाही तर विकून का टाकत नाही मेला? आणि हवामान रोज तेच."

"आई, बातम्या खोट्याच आहेत. अक्षरं कशी वाटली?"

"कसली अक्षरं?"

"पेपरातली."

"अगं, मी बातम्या वाचत होते. अक्षरं कशाला बघत बसू?"

सात महिने. आणि त्या बाईला अक्षरं दिसलीसुद्धा नाहीत. फोन ठेवून खिडकीत बसले. खाली दगडी गल्ली आहे, मधोमध पावलांनी झिजून पन्हळ पडलेली. इतकी शतकं माणसं एकाच रेषेतून चालली आणि कुणालाही बाजूने चालावंसं वाटलं नाही.

मंगळवार, १२ मे

दोनशे एकतीस झाले. बोटांना टेबलाच्या कडेचा वळ पडलाय.

शेजारच्या टेबलावरची मुलगी तिच्या देशाच्या लिपीवर काम करते. काढते त्याच्या दुप्पट खोडते, म्हणून मी तिला खोडरबर म्हणते. अर्थ सांगितल्यावर तिला इतकं आवडलं की वहीवर तेच लिहिलंय. मला ती ताई म्हणते, तेवढा शब्द मी शिकवला.

आज खुर्ची फिरवून म्हणाली, "ताई, नवी खूप नीटनेटकी आहेत."

"आभार."

"जुनी मला माझ्या टेबलावरून दिसायची. मान वर केली की बरं वाटायचं."

"चुकीची होती ती."

"हो, ते सांगितलंस तू." आणि पुन्हा खोडायला लागली.

मुलगी गोड आहे, पण काय म्हणायचंय ते स्पष्ट म्हणत नाही. चोवीस वय. मला वाटतं तिला माझी कीव येते. कीव करणाऱ्यांत आता छपाईच्या बाई, खोडरबर आणि दारावरचा रखवालदार आहेत. रखवालदाराने काल स्वतःहून दार धरलं.

गुरुवार, १४ मे

उलट्या सरांनी नवा कागद उलटा केला. अर्ध्या मिनिटात सरळ करून पुढच्या भिंतीकडे गेले.

अर्धं मिनिट! चूकच सापडली नसणार. नाही तर ते हलत नाहीत. दहा दिवसांत पहिल्यांदा ताटात वाढलेलं सगळं संपवलं.

शनिवार, १६ मे

नव्या अक्षरांतलं एक पान पाठवलं होतं. मिस्त्रीने फोन थेट सासूबाईंच्या हातात दिला, म्हणजे बातमी वाईट.

"अक्षरांना उपास घडवलास का गं?"

"म्हणजे?"

"हडकुळी झालीत. दुसऱ्या ओळीला डोळ्याला पाणी. तिसरीला मी म्हटलं, सायकल गेली खड्ड्यात."

"आई, ही खरी आहेत. मूळ माणसाने अशीच कोरली होती."

"मूळ माणसाला सांग, म्हातारी वाचत नाही."

मी इकडे आले ते सासूबाईंना पसंत नव्हतं. या वयात दप्तर कसलं घेतेस, म्हणाल्या होत्या. आता अक्षरांवर राग काढतायत. मागच्या वेळी अक्षरं दिसली नाहीत, या वेळी टोचली. त्यांना खूश करणं जमलं असतं, तर वीस वर्षांत एकदा तरी जमलं असतं.

सोमवार, १८ मे

सहाशे बारा पूर्ण. दुपारी चार वाजता शेवटचं चिन्ह झालं.

आणि जुनी मारून टाकली. संगणकावरची, जपून ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीतली, भिंतीवरची, खणातली. कागद फाडून छपाईघराच्या कचऱ्याच्या पिंपात टाकले. वर्तमानपत्रातली माझी ही एकमेव शिस्त आहे, पण ती पक्की आहे. नवं पान झालं की जुनं मारायचं. नऊ वर्षांपूर्वी मी ते केलं नव्हतं आणि कालचा अग्रलेख आजच्या अंकात पुन्हा छापला गेला. एकाही वाचकाने फोन केला नाही. पण संपादकांना कळलं, आणि कुणीच फोन केला नाही याचा राग त्यांनी माझ्यावर काढला. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर एका पानाच्या दोन आवृत्त्या कधी राहिल्या नाहीत.

टेबल स्वच्छ आहे. भिंत स्वच्छ आहे. परवा तेरवा प्रबंध दुरुस्त केला की संपलं. आज मी वेशीच्या कमानीपर्यंत चालत जाऊन आले. ती बघायला लोक या गावात येतात म्हणे. मी पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं.

गुरुवार, २१ मे

आज सरांचा बोलायचा दिवस. प्रत्येकाला दहा मिनिटं. जसं झालं तसं लिहिते.

ते नव्या कागदासमोर उभे राहिले. म्हणाले, "आधीची कुठे आहेत?"

"ती चुकीची होती."

"प्रबंध चुकीचा होता. अक्षरं कुठे आहेत?"

मी नव्या कागदाकडे बोट केलं.

"ही बरोबर आहेत," ते म्हणाले. "प्रत्येक रेष त्या कारागिराची आहे. वाचवत मात्र नाहीत. तो पोथीच्या मोठ्या पानासाठी कोरत होता. तुम्हाला वर्तमानपत्राचं बारीक अक्षर हवंय. आधीच्या अक्षरांत शाई पसरली तरी आतला पांढरा भाग मोकळा राहत होता. तो तुम्ही राखला होता. पाण्याने नाही, नमुन्यात तर तो बुजलेला आहे. तुम्ही नकळत प्रत्येक अक्षरात तो उघडत गेलात. मी अकरा मिनिटं तेच बघत होतो. घड्याळ तुम्ही लावलंत तेही पाहिलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"रीत."

"सर, माझं आयुष्य..."

"मला वाटलं जुनी बाजूला ठेवाल. दोन्ही शेजारी लावून स्वतःच बघाल. इथे कुणी जुनं टाकत नाही. तुमच्या शेजारच्या मुलीकडे एका अक्षराच्या चारशे आवृत्त्या आहेत, आणि ती अजून खोडते आहे. काढा बाहेर. परवापर्यंत लावा."

मी सांगितलं, मारून टाकली.

उलटे सर गुडघ्यात त्रास असलेला माणूस. ते कधी बसत नाहीत, उठताना फार त्रास होतो म्हणून. आज माझ्या खुर्चीत बसले. 

शुक्रवार, २२ मे

संगणकाच्या खोलीतल्या माणसाने दोन तास शोधून सांगितलं, काही उरलेलं नाही. वर म्हणाला, इतकं व्यवस्थित पुसलेलं मी पहिल्यांदा बघतोय. स्तुती होती बहुतेक.

छपाईघराचं पिंप मंगळवारीच गेलं. घरच्या फोनमध्ये बारीक छापाच्या पानांचे फोटो आहेत. बारीक छापावरून रेष परत मिळत नाही, मिळतो तो डाग. डागावरून काढायचं म्हणजे पुन्हा पाणी गिरवायचं.

घरी फोन केला. येते म्हटलं. परीक्षेला बसत नाही.

तिकडे मिस्त्रीने चालू मशीन बंद केलं. मग म्हणाला, "मी मशीन खोलायच्या आधी फोटो काढतो. कुठला स्क्रू कुठे होता ते."

"हे आत्ता सांगतोस?"

"तू कधी विचारलं नाहीस."

मी रडायला लागले तेव्हा सासूबाईंनी फोन ओढून घेतला.

"परत येतेस? ये. चावी शेजारी ठेवते. पण आल्यावर रोज उठून सांगत बसू नकोस की तिकडे काय काय जमलं असतं. मला तेवढं ऐकायला आयुष्य उरलेलं नाही."

"आई, आठ दिवसांत होत नाही."

"नाही होत तर नाही होत. तो सायकलवाला चार पानं शोधत होता. तो सोड, तुझं तू बघ."

आणि फोन ठेवला. निरोप नाही, आशीर्वाद नाही. उतरत्या छताखाली पडून राहिले. डोळ्यांपासून छत दोन हातांवर. त्यावर ओलीचा डाग आहे. दिवसभर मी त्या डागाची कड बघत होते. इतकं शिकून एवढंच आलं.

रविवार, २४ मे

काल छपाईघरात जाऊन जुना नमुना पुन्हा मागितला. बाईंनी न विचारता दिला. गिरवायला बसले. झालं नाही. आता जिथे तिथे पाणीच दिसतं. हे वळण का जाड? पाणी. हा कोपरा का गोल? पाणी. सात महिने जे दिसलं नव्हतं, ते एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेना. दुपारी खिळे घेऊन बसले, तर ती टोकं आणि तो करडा कारागीर.

दोन्ही परत केले.

आज कोरा कागद घेतला. समोर काही ठेवलं नाही. 'ब' काढला. फेकला. पुन्हा काढला. बारा वाजले, तीन वाजले. एक अक्षर जमायला आख्खा दिवस गेला. साडेपाचला कागद उलटा करून पाहिला. सरळ केला. परत उलटा केला. हा 'ब' जुन्यासारखा नाही. कशासारखाच नाही. पण नजर तिथून हलली नाही.

सहाशे बारा हवेत आणि चार दिवस आहेत. हे गणित मी मांडणार नाही.

मंगळवार, २६ मे

एकोणतीस झाले. हात सुटलाय. एका अक्षराचं पोट दुसऱ्याला देता येतं, एकाचा दांडा चौघांना. तरी जोडाक्षरं होणार नाहीत, हे उघड आहे. मूळ अक्षरं, मात्रा, अंक, एवढंच.

नियम सरांना विचारला. भिंत एक, अक्षरं एक. दोन आवृत्त्या लावता येत नाहीत. "अपूर्ण काम नापास करण्याचा परीक्षकांना अधिकार आहे," ते म्हणाले. "मागच्या पंधरा वर्षांत त्यांनी तो तीनदा वापरला."

"अपूर्ण काम किती जणांनी लावलं होतं?"

"तिघांनी."

म्हणजे एकीकडे सहाशे बारा पूर्ण, बरोबर, वाचायला त्रास देणारी. ती लावली तर पास, असं छपाईच्या बाईही म्हणतात. काठावर का होईना. दुसरीकडे हे अर्धंमुर्धं. खोडरबर म्हणाली, "ताई, पूर्ण असलेली लाव. घरी जाऊन ही पुरी कर." शहाणी मुलगी आहे. मी तिच्या वयाची असते तर तिचं ऐकलं असतं.

पण घरी जाऊन काय? ती सडपातळ अक्षरं दाखवून अक्षरविभाग घ्यायचा आणि रोज सकाळी लाखभर लोकांना तिसऱ्या ओळीवर थांबवायचं. संपादक ती छापतीलच, कारण वर पदवीचा शिक्का असेल. हे आज सुचलं.

प्रबंधाची बारा पानं काढून दोन ठेवली. कागद ओला होता, मला कळलं नाही, मग कळलं, मग मी जे चांगलं होतं तेही मारलं. इतकंच.

बुधवार, २७ मे

एक्कावन्न. भिंतीवरच्या पानासाठी मजकूर लिहायचा होता. जोडाक्षरं नाहीत, म्हणून एकही जोडाक्षर न येऊ देता बातमी लिहायची. बसून बघावं असलं काम आहे. पक्ष, मंत्री, राज्य, केंद्र हे सगळे शब्द बाद, त्यामुळे पानावरून राजकारण आपोआप गेलं. शेवटी जमलं ते असं:

आज गावात पाणी दुपारी तीन ऐवजी पाच वाजता येईल, असं नगरपालिकेने कळवलं आहे. लोकांनी भांडी भरून ठेवावीत.

एकोणीस वर्षांत इतकी कामाची बातमी मी पानात लावली नव्हती.

पानाखाली नाव लिहायचं असतं. माझ्या नावात जोडाक्षर आहे, आडनावातही. माझं नाव माझ्याच अक्षरांत छापता येत नाही. ती ओळ कोरी सोडली. मघाशी यावर हसू आलं आणि मग बराच वेळ थांबलं नाही. खोडरबरने येऊन पाणी दिलं. ती म्हणाली, "रडतेस की हसतेस?" 

गुरुवार, २८ मे

संध्याकाळी सहाला रखवालदाराने दिवे मालवायला सुरुवात केली तेव्हा शेवटची टाचणी लावली. डाव्या बाजूला अठ्ठावन्न आकार आणि बातमी. उजवी बाजू कोरी. त्या जागेत पाचशे चोपन्न हवे होते.

सडपातळ अक्षरांची पूर्ण गुंडाळी शेवटपर्यंत काखेत होती. दोनदा उलगडली. दुसऱ्यांदा चारही कोपरे टाचले आणि मागे सरून वाचायला लागले. तिसऱ्या ओळीला डोळा सुटला. माझा, चांगला असलेला. टाचण्या काढल्या. गुंडाळी खणात ठेवली. मारली नाही. हात खणावर तसाच होता बराच वेळ, सवयीने. कुलूप लावून किल्ली खोडरबरकडे दिली, मी मागितली तरी उद्यापर्यंत देऊ नको म्हटलं.

पानावर रिकामी जागा सोडणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. काही नसलं तर आम्ही पाककृती घालतो, राशीभविष्य वाढवतो. आज माझ्या हाताने ती सोडली. मी चुकले असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या दुपारी मला आधीच माहीत होतं असं मी म्हणणार नाही.

उलटे सर जाताना थांबले. बोलायचा दिवस होऊन गेलाय, तरी बोलले. "पहिला प्रश्न त्या कोऱ्या जागेवर येईल. काय सांगणार?"

"काम चालू आहे."

"हे उत्तर चालत नाही."

"मला दुसरं येत नाही, सर."

त्यांनी मान हलवली. कागद उलटा न करताच गेले.

परीक्षक तिघे आहेत, असं छपाईच्या बाईंनी पक्कं कळवलं. त्यांतल्या एकाच बाईंना आपली लिपी वाचता येते. प्रत्येक भिंतीला वीस मिनिटं. निकाल तीन वाजता दारावर लागेल, साडेतीनला संपादकांचा फोन येईल. मिस्त्रीला सांगितलंय, त्याआधी तू करू नकोस, मी करेन, काहीही झालं तरी.

नऊला दार उघडेल. सुरुवात दाराजवळच्या भिंतीपासून करतात. ती माझी आहे.